हात म्हणजे बॅटच

कॉटनवूड बेंड गावात वारा असा असतो, की शुक्रवारी टाकलेला चेंडू वाऱ्याच्या तोंडावर पडला तर शनिवारी पोचतो. यात कुणाला अतिशयोक्ती वाटली तर त्याने नेब्रास्कात जाऊन पाच मिनिटं उभं राहून पाहावं. टोपी मात्र धरून ठेवावी. माझा एक ओळखीचा माणूस आपली टोपी आणायला गेला तो आयोवात स्थायिक झाला.

अशा या गावात मुलींच्या सॉफ्टबॉलचे चार संघ होते, मैदान एक होतं आणि पंचही एकच उरला होता. पूर्वी तीन होते. त्यातला पहिला, एका कोचाने ‘चष्मा कुठून केलास रे’ असं विचारत त्याच्या गाडीपर्यंत पाठलाग केला तेव्हापासून, शनिवारी मासे धरायला जाऊ लागला. मासे उलटून बोलत नाहीत, एवढंच त्याचं म्हणणं. दुसऱ्याने सामना चालू असताना तोंडावरची जाळी काढली, होम प्लेटवर नीट ठेवली, आणि चालत घरी जाऊन बटाट्याची कोशिंबीर खाल्ली. तो परत आलाच नाही. राहिल्या त्या स्टूरबाई. त्याही गेल्या तर लीग बंद, आणि सगळ्या गावातल्या पोरी उन्हाळाभर घरात आईच्या पायात पायात, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

अर्लीन स्टूर या बाईंनी उभा जन्म शाळेची बस चालवण्यात घालवला होता. आज पन्नाशीच्या आतबाहेर असलेला गावातला प्रत्येक बाप कधी ना कधी त्यांच्या बसमध्ये मागच्या बाकावरून उचलून पुढच्या बाकावर आणून बसवला गेला होता. त्यामुळे बाईंनी ‘बाद’ म्हटलं की बाद. एखाद्याला फारच वाटलं तर तो खोकत असे.

आता आपला नॉर्बर्ट हावलिक. हा ट्रुडीचा बाप, तिच्या संघाचा कोच, आणि पोटापाण्यासाठी गारपिटीच्या विम्याचे दावे तपासणारा माणूस. शेतकरी म्हणे, गार अंड्याएवढी होती. नॉर्बर्ट विचारी, कोंबडीच्या की बदकाच्या, आणि मग कलम काढून दाखवी. कलम दिसलं की त्याच्या चेहऱ्यावर असं तेज येई, जे त्याच्या बायकोने, जोलीनने, लग्नातसुद्धा पाहिलं नव्हतं. साहजिकच, कोच झाल्याबरोबर त्याने सॉफ्टबॉलच्या नियमांचं पुस्तक विकत घेऊन पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचलं. गावात असं पूर्वी कुणीही केलं नव्हतं. आणि इथूनच घोटाळा सुरू झाला.

एप्रिलमधला एक शनिवार. ट्रुडी बॅट घेऊन उभी होती. चेंडू आला तो थेट तिच्या बोटांवर. तिने बॅट फिरवलीही नव्हती. पोरीने बोटं तोंडात घातली. नॉर्बर्टला आधी काळजी वाटली आणि मग, खोटं कशाला बोला, थोडा आनंदही झाला, कारण या प्रसंगाचा नियम त्याला पाठ होता. अंगाला चेंडू लागला की फुकटात पहिला बेस, म्हणजे धावेच्या वाटेवरचा पहिला थांबा.

“फाऊल,” स्टूरबाई म्हणाल्या. “हात म्हणजे बॅटच. चल, उभी राहा परत.”

क्रिकेटवाल्यांनी इथे मधे बोलू नये, त्यांचा कायदा वेगळा. सॉफ्टबॉलमध्ये हात हा हात असतो, तो मनगटाला, मनगट दंडाला आणि दंड मुलीला जोडलेला असतो. नॉर्बर्ट पुस्तक उंच धरून मैदानात धावला.

“स्टूरबाई, पुस्तकात स्पष्ट लिहिलंय की...”

“नॉर्बर्ट,” बाई मागे वळूनही न पाहता म्हणाल्या, “खाली बस.”

त्रेचाळीस वर्षांचा, घरावर कर्ज असलेला, चर्चच्या निधीचा खजिनदार असा तो नॉर्बर्ट बसला. बाकापर्यंतही गेला नाही, होता तिथेच गवतात बसला. पाय आपोआप दुमडले. प्रेक्षकांत असा हशा पिकला की वारा असूनही पलीकडच्या चर्चपर्यंत ऐकू गेला. ट्रुडी पुढच्या दोन चेंडूंवर बाद झाली, आणि सामना एका धावेने गेला.

परत येताना गाडीत ट्रुडी बोटांना बर्फ लावून बसली होती. “बाबा,” ती म्हणाली, “तुझ्यामुळे त्या गेल्या ना, तर लीग बंद पडेल. मग माझ्याशी गावात एक मुलगी बोलणार नाही. पियानो शिकावा लागेल मला.”

“या बोटांनी पियानो नाही वाजणार,” नॉर्बर्ट म्हणाला, आणि मग आपण काय बोललो ते त्याचं त्यालाच कळलं.

त्या दिवसापासून नॉर्बर्टला एकच ध्यास लागला. नियम सुधारायचा, पण बाई जाता कामा नयेत. जोलीनला त्याने संध्याकाळी सगळं सांगितलं. ती मका सोलत होती.

“मग सांग ना त्यांना,” ती म्हणाली. “फोन उचल आणि सांग.”

“तुला यातलं राजकारण कळत नाही,” नॉर्बर्ट म्हणाला. ती मका सोलत राहिली.

राजकारण कळणारा माणूस म्हणजे शेजारचा ड्वेन. हा लीगचा अध्यक्ष होता. निवडणुकीच्या सभेत बाकीच्यांनी हात खाली ठेवले आणि याला नेमकी डोक्यावरची माशी हाकलायची होती, म्हणून अध्यक्ष.

“अरे, सगळ्यांना माहितीये,” ड्वेन कुंपणावर कोपरं टेकून म्हणाला. “म्हणजे मला माहिती नव्हतं की ते चूक आहे, पण ते असं आहे हे माहितीये. आपल्या गावात हात म्हणजे बॅटच. माझी पोरगी त्याच नियमावर वाढली.”

“म्हणजे चुकीच्या नियमावर वाढली.”

“आता ती दंतवैद्य आहे लिंकनला. काही बिघडलं नाही तिचं. हे बघ, तू एक कर. पाय घेऊन जा. चेरीचा, भट्टीत भाजलेला, गोड. पाय खाताना बोलण्याबोलण्यात विषय काढ. हात कसा वर उचलतो आपण घास घ्यायला, वगैरे. हळूच.”

नॉर्बर्ट चेरीचा पाय घेऊन स्टूरबाईंकडे गेला. बाईंनी आनंदाने घेतला, त्याला ओसरीवर बसवलं, टोमॅटोच्या रोपांना लागलेली कीड दाखवली, आणि त्याने शाळेत असताना बसमध्ये बेडूक आणला होता ती गोष्ट सांगितली. मूळ गोष्टीत बेडूक एक होता. बाईंच्या गोष्टीत ते डबाभर झाले होते. निघताना नॉर्बर्ट म्हणाला, “हात... हात धुवायला कुठे?” हाताचा विषय एवढाच निघाला.

मग त्याने वरच्या मंडळाला फोन लावला. तिथल्या बाई फार गोड होत्या. नियमाबद्दल शंका आहे ना, जरूर विचारा, म्हणाल्या, फक्त ती लीगच्या मुख्य पंचांकडून यायला हवी. तुमच्या लीगचे मुख्य पंच कोण? नॉर्बर्टने नाव सांगितलं. मग त्यांनाच सांगा ना फोन करायला, बाई म्हणाल्या. बरं, सामन्यातल्या निर्णयाविरुद्ध रीतसर तक्रार करता येईल का? येईल की. पंचांना दिसलं नाही, बेस आधी की चेंडू आधी, असल्या गोष्टींवर नाही, पण नियमच चुकीचा लावला असेल तर येईल. फक्त पुढचा चेंडू पडायच्या आत सांगायची. कुणाला सांगायची? पंचांना. पुढे ती पंचच मांडतील.

म्हणजे स्टूरबाईंविरुद्धची तक्रार स्टूरबाईंकडे करायची आणि स्टूरबाईंनी ती स्टूरबाईंपुढे मांडायची. नॉर्बर्टने फोन ठेवला. दावा फेटाळला गेला की लोकांना कसं वाटत असेल, हे त्याला आयुष्यात प्रथमच कळलं.

पण विम्याचा माणूस हार मानत नाही, तो कलम वाढवतो. नॉर्बर्टने ठरवलं, हाताचा उल्लेखच करायचा नाही. आधी वाद घालायची एक सभ्य रीत गावात रुजवायची. मग त्या रीतीच्या आडून एक दिवस अलगद हात बाहेर काढायचा. अग्निशमन केंद्रातल्या सभेत, बंबाच्या शेजारी घडीच्या खुर्च्या टाकून, त्याने प्रस्ताव मांडला. कोचाने आधी खेळ थांबवायची विनंती करावी. धावू नये, चालावं. मुख्य कोचानेच जावं, बाकीच्यांनी बाकावर बसून शेंगा खाव्यात. पंचांना ‘तुम्ही चुकलात’ म्हणू नये, ‘तुम्ही काय पाहिलंत आणि कुठला नियम लावलात’ असं विचारावं. आवाज चढवू नये.

प्रस्ताव इतका शहाणपणाचा होता की लोकांना तो सुधारल्याशिवाय राहवेना.

“चालावं म्हणजे किती?” किप लुंडक्विस्टने विचारलं. हा ट्रॅक्टरचे सुटे भाग विकणारा, पलीकडच्या संघाचा कोच. याच्या संघाला नॉर्बर्टने आजवर एकदाही हरवलं नव्हतं, आणि याला ते रोज आठवत असे. “माझी ढांग मोठी आहे. मी चाललो तरी लोकांना वाटतं धावतोय.”

“अंत्यदर्शनाला पेटीकडे जातो आपण, तसं,” ड्वेन म्हणाला. सगळ्यांना पटलं.

“आणि हात मागे बांधायचे,” कुणीतरी म्हणालं. “नॉर्बर्ट हातवारे फार करतो.”

“मी करतो?” नॉर्बर्ट दोन्ही हात पसरून म्हणाला. तेही मंजूर झालं.

पंचांच्या समोर उभं न राहता शेजारी, एकाच दिशेला तोंड करून उभं राहावं, म्हणजे भांडणाऐवजी दोघं मिळून गव्हाचं शेत बघतायत असं दिसेल, ही सूचना किपची. टोपी काढायची की नाही यावर तासभर चर्चा झाली, आणि वाऱ्याचा विचार करून टोपी काढून काखेत धरावी असं ठरलं. मग सराव आला. नॉर्बर्टच्या गॅरेजसमोर सगळे कोच जमले, जोलीनला हिरवळीवरच्या खुर्चीत पंच म्हणून बसवलं. नॉर्बर्ट हात मागे बांधून, टोपी काखेत धरून, शोकाकुल पावलांनी तिच्याजवळ गेला.

“तू काय पाहिलंस?” त्याने हळुवारपणे विचारलं.

“कचरा बाहेर ठेवलेला नाही हे पाहिलं,” जोलीन म्हणाली. “मैदानाबाहेर.”

तिने त्याला तीनदा मैदानाबाहेर काढलं. किपला एकदाही नाही, कारण किप येताना कलिंगड घेऊन आला होता. ट्रुडी गॅरेजच्या दारात बसून सगळं पाहत होती. शिवाय घरी जेवताना तिला रोज ‘हात हा हात असतो’ हे प्रवचन होतंच.

आता हे सगळं बाईंच्या कानावर घालणं भाग होतं. ड्वेनने घातलं. बाई म्हणाल्या, “म्हणजे तुम्ही पोरं शेवटी माणसासारखं वागायचं म्हणताय. चांगलं आहे. पण एक जण जरी धावत आला ना, तर मी जाळी काढून घरी. माझे टोमॅटो माझ्यावर ओरडत नाहीत.”

ही धमकी गावात वाऱ्याच्या वेगाने पसरली, आणि त्या गावचा वारा कसा ते वर सांगितलंच आहे. कोच घरातल्या घरातसुद्धा हळू चालू लागले. सामन्यांत वादच होईना, कारण हात बांधून, टोपी काखेत धरून तिथपर्यंत जाईस्तोवर माणसाला आपला मुद्दा आठवत नसे. नॉर्बर्ट वाट पाहत होता. एकदा त्याच्या संघातल्या कुणाच्या तरी हाताला चेंडू लागू दे, की तो रीतसर निघणार होता. संघातल्या मुलींच्या आयांना हे कळलं नाही ते बरं.

पण लागेल तर शपथ. जून सरला. आणि मग किपच्या संघाशी सामना आला.

तो दिवस नॉर्बर्टचा होता. पोरी अशा खेळल्या की त्याला स्वतःच्या प्रशिक्षणाबद्दल आदर वाटू लागला. शेवटच्या डावात दोन्हीकडच्या धावा सारख्या. फलंदाजी किपच्या पोरींची, दोघी बाद, तिसरी बाद झाली की त्यांची पाळी संपली, पण तिन्ही बेसवर एकेक मुलगी उभी. मारायला आली ती किपच्या संघातली सगळ्यात लहान चणीची पोर, मार्नी. एवढीशी, टोपीखाली दिसेनाशी. ट्रुडी पिचर. ही एक पोर बाद केली की सामना पुढे वाढणार होता, आणि किपच्या पोरींचे पाय थकलेले दिसत होते. नॉर्बर्टच्या डोळ्यांसमोर किपचा पडलेला चेहरा तरळू लागला.

ट्रुडीने चेंडू टाकला. वाऱ्याने त्याला बाजूला ढकललं. चेंडू मार्नीच्या बोटांवर बसला, बॅट हातातून गळली.

“फाऊल,” स्टूरबाई म्हणाल्या. “हात म्हणजे बॅटच.”

नॉर्बर्ट अर्धा उठला होता. तो तसाच थांबला.

हिशेब सोपा होता. खरा नियम लावला तर मार्नीला पहिला बेस, पहिल्यावरची दुसऱ्यावर, दुसऱ्यावरची तिसऱ्यावर, आणि तिसऱ्यावरची पोरगी घरी, होम प्लेटवर. धाव किपला, सामना किपला. चुकीचा नियम लावला तर ट्रुडीला आणखी एक चेंडू. नॉर्बर्टने किपकडे पाहिलं. किप टाळ्या वाजवत होता. “काही नाही, मार्नी, झटक बोटं. हात म्हणजे बॅटच.” किपला पुस्तकाचं मुखपृष्ठसुद्धा ठाऊक नव्हतं. त्या संबंध मैदानात खरा नियम माहीत असलेला माणूस एकच होता.

आणि त्या माणसाच्या मनात, काय सांगू तुम्हाला, स्थानिक परंपरेबद्दल एकाएकी अपार आदर उत्पन्न झाला. गावाच्या अशा काही रूढी असतात. बाहेरच्या पुस्तकांनी त्यात ढवळाढवळ करावी का? ड्वेनची मुलगी दंतवैद्य झालीच ना? नॉर्बर्ट हळूच परत बसला आणि बुटाची नाडी बांधू लागला. ती बांधलेलीच होती, म्हणून आधी त्याला ती सोडावी लागली.

वर पाहिलं तर ट्रुडीने खेळ थांबवायची खूण केलेली. तिने चेंडू हातमोज्यात ठेवला, दोन्ही हात मागे बांधले, टोपी काखेत घेतली, आणि अंत्यदर्शनाच्या चालीने ती स्टूरबाईंकडे निघाली. जाताना मार्नीजवळ थांबली, तिची बोटं पाहिली. मग बाईंच्या शेजारी, गव्हाच्या शेताकडे तोंड करून उभी राहिली.

“स्टूरबाई, एक विचारायचं होतं.”

“बाळ, विचारायचं तर तुझ्या कोचाने यायला हवं. त्यानेच केलीय ही रीत. बोलाव त्याला.”

“बाबा,” ट्रुडीने हाक मारली. “ये ना. तो हाताचा नियम.”

नॉर्बर्ट हावलिक उठला. अंत्ययात्रेला लोक हळू चालतात, पण त्या दिवशी नॉर्बर्ट जसा चालला तसं खुद्द प्रेतही चालत नाही. बाकापासून प्लेटपर्यंत जाईस्तोवर शेतातला गहू बोटभर वाढला, असं पाहणारे अजून सांगतात. त्याच्या संघाच्या आया खुर्च्यांवरून ओरडत होत्या, “दाखव त्यांना, नॉर्बर्ट,” कारण त्यांना वाटत होतं तो आपल्या बाजूने निघालाय.

तो बाईंच्या शेजारी उभा राहिला. “स्टूरबाई,” तो शेताला उद्देशून म्हणाला, “तुम्ही काय पाहिलंत?”

“चेंडू पोरीच्या हाताला लागला.”

“आणि नियम कुठला लावलात?”

“हात म्हणजे बॅटच.”

नॉर्बर्ट म्हणाला, “पुस्तकात तसं नाहीये. हात म्हणजे पोरगीच. तिला बेस मिळतो.”

ड्वेनने डोळे मिटून घेतले.

“मग धाव त्यांना मिळते,” बाई म्हणाल्या. “तू हरतोस.”

“हो.”

“नक्की?”

“मला नक्की नसतं तर बरं झालं असतं.”

बाईंनी शेताकडे पाहतच विचारलं, “कधीपासून माहितीये तुला?”

“एप्रिलपासून.”

“म्हणून तो पाय आणला होतास.”

“हो.”

बाईंनी वळून मोठ्याने निर्णय दिला. मार्नी पहिल्या बेसवर, धाव मान्य, सामना संपला. नॉर्बर्टच्या संघाच्या आया आधी टाळ्या वाजवू लागल्या आणि मग हळूहळू थांबल्या. पंचांशी वाद जिंकून सामना हरणारा पहिला कोच कॉटनवूड बेंडने त्या दिवशी पाहिला.

गंमत म्हणजे किपचाच विश्वास बसेना. नॉर्बर्ट ज्यासाठी भांडला ते आपल्या फायद्याचं असणं शक्यच नाही, यात काहीतरी विम्यातली मेख आहे, असं त्याला ठाम वाटलं. तो टोपी काखेत मारून, हात मागे बांधून, लांब ढांगा आखडत आला.

“माझी हरकत आहे,” तो म्हणाला.

“तू जिंकलास, किप,” स्टूरबाई म्हणाल्या.

“ते झालं. पण का?”

त्याला समजावण्यात सामन्याइतकाच वेळ गेला, आणि मग तो नॉर्बर्टकडे संशयाने पाहत पाहत, उलट्या पावलांनी, आपल्या विजयाकडे गेला.

मग सगळ्यांचं लक्ष गेलं ते स्टूरबाईंकडे. बाईंनी जाळी काढली. छातीवरची ढाल सोडली. प्लेट झाडायचा ब्रश खिशातून काढला. एकेक वस्तू गाडीच्या डिकीत ठेवू लागल्या. गाड्या उभ्या होत्या तिथे एकही गाडी सुरू होईना. बाप किल्ल्या हातात धरून उभे, आया खुर्च्या अर्ध्या मिटून उभ्या, आणि सगळ्या पोरी कुंपणाला लागून, ट्रुडी त्यांच्यात. तिने बापाचा हात धरला नव्हता, पण फार लांबही उभी नव्हती.

“नॉर्बर्ट,” बाईंनी हाक मारली. “ते पुस्तक दे.”

त्याने दिलं. बाई डिकीच्या कडेवर बसल्या, चष्मा लावला, बोट ओलं करून पान उलटलं. मग आणखी एक. सगळं गाव त्यांना वाचताना पाहत होतं. एका पानावर त्या थबकल्या, ओठ हलवत ओळ दोनदा वाचली, आणि चष्म्यावरून ट्रुडीच्या बुटांकडे पाहिलं.

“पिचरने चेंडू टाकायला लागायच्या आधी दोन्ही पाय जमिनीतल्या त्या पांढऱ्या पाटीला टेकलेले हवेत,” त्या म्हणाल्या. “तुझी पोरगी सगळा उन्हाळा एकच टेकवतेय.” पुस्तक मिटून त्यांनी काखेत धरलं. “शनिवारी बघू.”

शनिवारी. तो एक शब्द पुरे झाला. एकदम सगळ्या गाड्या सुरू झाल्या, खुर्च्या फटाफट मिटल्या, ड्वेनने कुणालातरी मिठी मारली, ती कुणाला हे त्याने नंतर पाहिलं.

नॉर्बर्ट मात्र जागेवरच होता. पायांच्या त्या कलमाला, त्याच पानावर, खाली बारीक अक्षरात, त्याला अनुकूल अशी एक पोटतरतूद होती. ती त्याला पाठ होती. त्याने तोंड उघडलं.

ट्रुडीने त्याच्याकडे नुसतं पाहिलं.

उघडलेलं तोंड वाया जाऊ नये म्हणून नॉर्बर्टने मग एक चांगली, लांबलचक जांभई दिली.